लिनक्सवर नेट असूनही ‘ऑफलाइन’ : दुखणं नेमकं कुठं आहे ते कसं शोधायचं

आधी लक्षणं. यातली एखादी गोष्ट तुमच्या लिनक्स डेस्कटॉपवर पुन्हा पुन्हा होत असेल तर पुढं वाचा.

– वरच्या पट्टीतल्या नेटवर्कच्या चिन्हावर प्रश्नचिन्ह बसलंय, पण ब्राउझरमध्ये पानं उघडतात.
– ब्राउझर चालतो, पण मेलचा प्रोग्रॅम किंवा सॉफ्टवेअर स्टोअर ‘ऑफलाइन’ म्हणून हटून बसतं.
– केबल लावलेली आहे, नेटवर्कच्या स्विचवर (केबली जोडायच्या डबीवर) दिवा लुकलुकतोय, तरी तारेच्या कनेक्शनपुढं ‘अनमॅनेज्ड’ असा शब्द दिसतो.
– नेटवर्क बंद असल्याचं दाखवतंय आणि कॉम्प्युटर चार वेळा बंद-चालू केला तरी तसंच.
– लाइट जाऊन आल्यावर चिन्ह सगळं ठीक दाखवतं, पण साइट उघडली की ‘कनेक्शन सुरक्षित नाही’.
– वाय-फाय जोडलेलं आहे, पण जरा वेळ काम थांबवून परत बसलं की अडखळतं.

कोल्हापुरात शाहूपुरी, लक्ष्मीपुरी आणि उद्यमनगर या भागांतल्या छोट्या दुकानांचे, छापखान्यांचे, वर्कशॉपचे जुने कॉम्प्युटर मी लिनक्स घालून चालते ठेवतो. पावसाळ्यात दर आठवड्याला एक तरी फोन याच दुखण्याचा येतो, आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं : “मोबाईलवर चालतंय की ओ, मग कॉम्प्युटरवरच का बंद?”

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर समजलं की पुढच्या सगळ्या तपासण्यांचा क्रम आपोआप लागतो.

पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. घरात बसलेला माणूस नदी बघत नाही, आकडा ऐकतो आणि त्यावरून सामान माळ्यावर चढवायचं की नाही ते ठरवतो. डेस्कटॉपवरच्या बऱ्याच प्रोग्रॅमचं तसंच आहे. ते तार बघत नाहीत, निरोप ऐकतात. नेटवर्क कार्ड कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सांगतं की तार जिवंत आहे. कर्नलकडून ते नेटवर्कमॅनेजर नावाच्या सेवेला कळतं. ती पत्ता मिळवते, रस्ता ठरवते, बाहेरचं जग खरंच लागतंय का ते तपासते. मग डी-बस नावाच्या आतल्या टपालावरून ‘जोडलेलं’, ‘अर्धवट’, ‘नाही’ असा निरोप सगळ्यांना जातो. नेटवर्कमॅनेजर रेड हॅटनं २००४ मध्ये सुरू केला, आणि आज उबुंटू, फेडोरा, मिंट अशा बहुतेक डेस्कटॉपवर हे काम तोच करतो.

म्हणून शोधायचं एवढंच : पाणीच चढलंय की आकडा चुकीचा आलाय? ते कळायच्या आत सेटिंग बदलायला लागलं की एका दुखण्याची दोन होतात. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि काय बदललं ते वहीत लिहा. ही वही मी प्रत्येक कॉम्प्युटरशेजारी ठेवायला लावतो.

पैसा न लागणाऱ्या तपासण्या

मोबाईलचा डेटा बंद करा, तो त्याच वाय-फायवर घ्या आणि मग बघा. ‘मोबाईलवर चालतंय’ म्हणणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचा मोबाईल स्वतःच्या सिमवर चालत असतो आणि लाइन खरोखरच बंद असते. फायबरच्या खोक्यावर ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल असेल तर प्रकाशच येत नाहीये. अशा वेळी लिनक्सला हात लावू नका, केबलवाल्याला फोन करा.

लाइन चालू आहे आणि एकच प्रोग्रॅम रुसलाय? मग त्या प्रोग्रॅममध्येच बघा. फायरफॉक्सच्या फाइल मेनूत ‘वर्क ऑफलाइन’ आहे. थंडरबर्डच्या खिडकीत खाली डाव्या कोपऱ्यात छोटं चिन्ह आहे, चुकून क्लिक झालं की मेल यायची थांबते. एकच प्रोग्रॅम बंद असेल तर तो प्रोग्रॅम तपासायचा, सगळेच बंद असतील तर खाली उतरायचं. या एका फरकानं अर्धा तास वाचतो.

मग एअरप्लेन मोड. लॅपटॉपवर तो एका कळीवर असतो आणि कळ सहज दाबली जाते. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘आरएफकिल लिस्ट’ द्या. (आज्ञा इथं उच्चाराप्रमाणे लिहितोय. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं, मधे जागा.) ‘सॉफ्ट ब्लॉक्ड : येस’ आलं तर अडवणूक सॉफ्टवेअरची आहे, ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ (वायफाय एकच शब्द) दिलं की सुटते. ‘हार्ड ब्लॉक्ड : येस’ आलं तर ते लॅपटॉपच्या बटणाचं किंवा कळीचं काम आहे, कितीही आज्ञा दिल्या तरी हलणार नाही.

तार आणि खोबण

तारेचं कनेक्शन असेल तर कॉम्प्युटरमागच्या खोबणीतला छोटा दिवा बघा. तो विझलेला असेल तर कार्डाला पलीकडचं काहीच जाणवत नाही, आणि नेटवर्कमॅनेजर त्याला ‘अनअव्हेलेबल’ म्हणणार. यात त्याची चूक नाही.

उद्यमनगरात लोखंडाची बारीक पूड आणि कूलंटचा चिकटा खोबणीत बसतो. शाहूपुरीत पुराचं पाणी शिरलेल्या दुकानांत भिंतीतल्या खोबणीच्या पट्ट्या हिरव्या पडलेल्या मी बघितल्यात. पाणी ओसरून महिने झाले तरी हे दुखणं राहतं, कारण ते आत असतं. आणखी एक नेहमीचं कारण म्हणजे केबलच्या टोकाची मोडलेली क्लिप. टोक खोबणीत बसलेलं दिसतं, पण टेबलाला धक्का लागला की सुटतं.

दुसरी केबल लावून बघा, मग स्विचची दुसरी खोबण. चालू असलेल्या शेजारच्या कॉम्प्युटरची केबल पाच मिनिटांसाठी उसनी घेतली तर खर्च शून्य, आणि दोष केबलमध्ये की कॉम्प्युटरमध्ये ते तिथंच कळतं.

घड्याळ

हे लोक शेवटी बघतात, मी लवकर बघतो. जुन्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल, तो ३ व्होल्टचा गोल बिल्ला, संपला की लाइट गेल्यावर घड्याळ मागं पडतं. एरवी नेट आलं की लिनक्स वेळ आपोआप जुळवतो. पण ते जुळवणं कुणी बंद केलं असेल किंवा राऊटर ती विनंती अडवत असेल, तर घड्याळ मागंच राहतं.

त्याचा नेटशी संबंध असा : सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्रावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ असं लिहिलेलं असतं. तुमच्या घड्याळात ती तारीख अजून उजाडलीच नसेल तर ब्राउझर प्रमाणपत्र नाकारतो. नेटवर्कमॅनेजर मात्र बाहेरचं जग तपासायला सहसा साधं, कुलूप नसलेलं पान मागवतो. तिथं प्रमाणपत्राचा प्रश्नच येत नाही, म्हणून चिन्ह सगळं उत्तम दाखवतं. ‘टाइमडेटसीटीएल’ लिहा, तारीख बघा. सेल किरकोळ किमतीला मिळतो. तो बदलताना कॉम्प्युटरची वायर भिंतीतून काढलेली हवी.

आता नेटवर्कमॅनेजरलाच विचारू

इथवर सगळं ठीक असेल तर टर्मिनलमध्ये दोन आज्ञा द्या : ‘एनएमसीएलआय जनरल स्टेटस’ आणि ‘एनएमसीएलआय डिव्हाइस स्टेटस’. पहिलीत एकूण स्थिती आणि ‘कनेक्टिव्हिटी’चा रकाना येतो, दुसरीत प्रत्येक कार्डाची वेगळी ओळ. या दोन्ही नुसत्या विचारणा आहेत, त्यांनी काही बिघडत नाही. मी फोनवरूनही आधी याच दोन ओळींचा फोटो मागतो.

पहिल्या आज्ञेत स्थिती ‘अस्लीप’ असेल आणि चिन्हावर ‘नेटवर्किंग बंद’ असेल, तर कुणीतरी किंवा कशानं तरी मुख्य कळ बंद केलीय. अर्धवट झालेल्या स्लीपनंतर मी हे जुन्या मशीनवर बघितलंय. ही कळ बंद असल्याची नोंद नेटवर्कमॅनेजर डिस्कवर ठेवतो, म्हणून कॉम्प्युटर परत चालू केला तरी ती बंदच राहते, आणि लोक कार्ड गेलं समजून बसतात. ‘एनएमसीएलआय नेटवर्किंग ऑन’ एवढंच औषध.

‘डिसकनेक्टेड’ म्हणजे कार्ड तयार आहे, पण त्याला लागू पडणारी जोडणी सापडली नाही. कॉम्प्युटर उघडून नवीन कार्ड बसवल्यावर हे होतं. तारेच्या कार्डाचं नाव आता ते कुठल्या जागी बसलंय त्यावरून पडतं; ‘ईएनपी३एस०’चं ‘ईएनपी४एस०’ झालं की जुन्या नावाला बांधलेली जोडणी निरुपयोगी ठरते. सेटिंग्जमध्ये ती जोडणी उघडून नवीन कार्ड निवडा.

‘अनमॅनेज्ड’वर जरा थांबूया, कारण सगळ्यात जास्त वेळ इथं जातो. याचा अर्थ कार्ड बिघडलं असा नाही. नेटवर्कमॅनेजरला कुणीतरी सांगितलंय की या कार्डाकडं तू बघू नकोस. तार तर चालते, ब्राउझरही चालतो, कारण दुसरं कुणीतरी ते कार्ड सांभाळतंय. पण नेटवर्कमॅनेजरच्या हिशेबात काहीच जोडलेलं नाही, आणि त्याच्या निरोपावर चालणारे प्रोग्रॅम ऑफलाइन जातात. ‘ब्राउझर चालतो, बाकी बंद’ या लक्षणाचं मूळ बहुतेक वेळा इथं सापडतं.

डेबियनवर ईटीसी फोल्डरात ‘नेटवर्क’ आणि त्यात ‘इंटरफेसेस’ नावाची फाइल असते. डेस्कटॉपशिवाय आधी डेबियन टाकून मग त्यावर डेस्कटॉप चढवला तर तारेच्या कार्डाचं नाव या फाइलीत राहून गेलेलं असतं, आणि तिथं ज्याचं नाव आहे त्याला नेटवर्कमॅनेजर हात लावत नाही. फाइलीची प्रत काढून ठेवा. मग कार्डाच्या ओळींपुढं जाळीचं चिन्ह (#) घालून त्या झाका. ‘एलओ’च्या ओळी तशाच राहू द्या, तो कॉम्प्युटरचा स्वतःशी बोलायचा रस्ता आहे. शेवटी ‘सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट नेटवर्कमॅनेजर’. या आज्ञेत ‘एन’ आणि ‘एम’ ही अक्षरं मोठी.

उबुंटूवर हेच वेगळ्या वाटेनं होतं. सर्व्हरची आवृत्ती टाकून तिच्यावर डेस्कटॉप चढवला असेल तर ईटीसीतल्या ‘नेटप्लॅन’ फोल्डरात ‘रेंडरर’पुढं ‘नेटवर्कडी’ (नेटवर्क सांभाळणारी दुसरी सेवा) असू शकतं, किंवा ‘रेंडरर’ची ओळच नसते, तेव्हाही काम नेटवर्कडीकडंच जातं. तिथं नेटवर्कमॅनेजरचं नाव घाला आणि ‘सुडो नेटप्लॅन ट्राय’ द्या. ‘अप्लाय’ऐवजी ‘ट्राय’ सांगण्याचं कारण आहे : १२० सेकंदांत तुम्ही होकार दिला नाही तर जुनी मांडणी आपोआप परत येते. या फाइलीत ओळीच्या सुरुवातीला टॅब चालत नाही, स्पेसच लागते. एवढ्या एका गोष्टीपायी मला गांधीनगरच्या एका दुकानात दोन फेऱ्या घालाव्या लागल्यात.

‘कनेक्टिंग’वर गाडी अडली असेल तर राऊटर पत्ता देत नाहीये. ४५ सेकंद वाट बघून नेटवर्कमॅनेजर हात टेकतो. केबलवाल्याची तार राऊटरशिवाय थेट कॉम्प्युटरला लावली असेल तर हे विचारून घ्या : काही केबलवाले लाइन एकाच कार्डाच्या क्रमांकाला बांधतात. कार्ड बदललं की त्यांना नवा क्रमांक कळवावा लागतो. ते काम तुमच्या हातातलं नाही.

प्रश्नचिन्ह, आणि ते पुसायची घाई

आता ‘कनेक्टेड’, पण ‘कनेक्टिव्हिटी’च्या रकान्यात ‘लिमिटेड’. नेटवर्कमॅनेजर ठरावीक वेळानं, मुळात ३०० सेकंदांनी, एक ठरलेलं छोटं पान मागवतो. अपेक्षित उत्तर आलं तर ‘फुल’. मधेच कुणी दुसरंच पान पुढं केलं तर ‘पोर्टल’. हॉटेलच्या, कॉलेजच्या वाय-फायवर लॉगिनचं पान येतं ते असं. उत्तरच आलं नाही तर ‘लिमिटेड’. ऑफिसात जाहिराती अडवणारी गाळणी बसवली असेल आणि तिनं हाच पत्ता अडवला, तर नेट पूर्ण चालू असतानाही प्रश्नचिन्ह दिसतं. ‘एनएमसीएलआय नेटवर्किंग कनेक्टिव्हिटी चेक’ देऊन लगेच परत तपासता येतं.

गनोम या डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्ये ही तपासणी बंद करायची सोय आहे, आणि प्रश्नचिन्ह दिसलं की ती बंद करा असं सर्रास सांगितलं जातं. माझं मत याच्या विरुद्ध आहे. कारण सांगतो.

लक्ष्मीपुरीतल्या एका छापखान्यात मालकांनी असंच कुणाच्या तरी सांगण्यावरून तपासणी बंद केली. चिन्ह स्वच्छ दिसायला लागलं. पण नेट कधी चालायचं, कधी नाही. कॉम्प्युटरला दोन जोडण्या होत्या : वाय-फाय नेटसाठी, आणि तार फक्त प्रिंटरसाठी. प्रिंटरच्या बाजूचा जुना राऊटर पत्ते वाटायचा, पण त्याच्यापुढं नेट नव्हतं. नेटवर्कमॅनेजर दोन रस्त्यांतून ज्याचा आकडा लहान तो रस्ता धरतो. तारेचा १००, वाय-फायचा ६००. म्हणून तार लावलेली असली की सगळी वाहतूक त्या आंधळ्या गल्लीत जायची. तपासणी चालू असती तर ज्या जोडणीवर नेट लागत नाही तिच्या आकड्यात नेटवर्कमॅनेजरनं २०००० मिळवले असते आणि काम वाय-फायवरून सुरळीत चाललं असतं. प्रश्नचिन्ह खरं सांगत होतं, त्याचं तोंड बंद केलं गेलं.

दुरुस्ती दोन क्लिकची होती. तारेच्या जोडणीत ‘आयपीव्ही४’च्या पानावर खाली एक चौकट असते : ही जोडणी फक्त तिच्याच नेटवर्कमधल्या गोष्टींसाठी वापरा. ती टिचकवली (आयपीव्ही६च्या पानावरही), तपासणी परत चालू केली. आता प्रिंटर तारेवर, नेट वाय-फायवर.

तुमच्याकडं दोन जोडण्या असतील तर ‘आयपी रूट’ देऊन ‘डिफॉल्ट’नं सुरू होणाऱ्या ओळी मोजा. दोन असतील तर हीच गोष्ट असण्याचा संभव मोठा.

पत्ता आणि नाव

‘आयपी अ‍ॅड्रेस’ ही आज्ञा दिल्यावर पत्ता १६९.२५४नं सुरू होत असेल तर राऊटरनं काही दिलेलं नाही, कॉम्प्युटरनं स्वतःच घेतलाय. पत्ता बरोबर असेल तर आधी ‘पिंग १.१.१.१’ करा, मग एखाद्या साइटच्या नावानं पिंग करा. (आकडे इंग्रजीत.) पहिलं चाललं आणि दुसरं नाही, तर रस्ता ठीक आहे, नावावरून पत्ता काढणारा अडलाय. उबुंटूवर ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ बघा. ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ फाइलीत १२७.०.०.५३ दिसला म्हणून घाबरू नका, तो तिथं असायलाच हवा. ती फाइल हातानं बदलायचा सल्लाही मानू नका, ते बदल टिकत नाहीत. डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता काढणारा, बदलायचाच असेल तर जोडणीच्या सेटिंगमध्ये बदला.

वाय-फाय अडखळतं तेव्हा

जुन्या लॅपटॉपवर वीज वाचवण्यासाठी कार्ड डुलकी घेतं आणि काही कार्डांना त्यातून नीट उठता येत नाही. उबुंटू आणि मिंटवर ईटीसीतल्या नेटवर्कमॅनेजरच्या ‘कॉन्फ.डी’ फोल्डरात ‘पॉवरसेव्ह’ नावाची फाइल असते. तिच्यात ‘वायफाय.पॉवरसेव्ह’पुढं ३ असेल तर २ करा. ३ म्हणजे बचत चालू, २ म्हणजे बंद. बॅटरी थोडी लवकर उतरेल.

नोंदी वाचणं, आणि कुठं थांबायचं

अजूनही दुखणं सापडलं नाही तर ‘जर्नलसीटीएल -बी -यू नेटवर्कमॅनेजर’. इथंही नावातली ‘एन’ आणि ‘एम’ मोठी. भरपूर मजकूर येईल, सगळा वाचायची गरज नाही. ‘रीझन’ हा शब्द शोधा. ‘कॅरिअर-चेंज्ड’ पुन्हा पुन्हा असेल तर केबल किंवा खोबण. ‘आयपी-कॉन्फिग-अनअव्हेलेबल’ म्हणजे राऊटरकडून पत्ता आला नाही. ‘नो-सीक्रेट्स’ म्हणजे बहुधा पासवर्ड चुकीचा, जोडणी पुसून नव्यानं करा.

‘डिव्हाइस स्टेटस’मध्ये कार्डाची ओळच नसेल तर ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा देऊन ते दिसतं का बघा. तिथं दिसत असेल तर ड्रायव्हर किंवा फर्मवेअर हवंय, ते टाकता येतं. तिथंही नसेल तर कार्ड बहुधा गेलंय. मी अशा वेळी यूएसबीला लावायचं लॅन अडॅप्टर जोडून काम चालू करून देतो. काही शे रुपयांत भागतं.

आता थांबायच्या जागा. पुराचं किंवा गळतीचं पाणी लागलेला कॉम्प्युटर चालू करून बघू नका, वाळलेला दिसला तरी नाही. तो उघडून साफ करणाऱ्याकडंच द्या. वीज कडाडल्यानंतर खोबण बंद पडली असेल, जळका वास येत असेल किंवा कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा आणि अर्थिंग बघून घ्या. गच्चीवरून गेलेली तार पावसात स्वतः ओढू नका. फायबरचं टोक उघडून डोळ्यासमोर धरू नका. कॉम्प्युटर बँकेनं, शाळेनं किंवा कंपनीनं दिलेला असेल तर वरच्या विचारणा करायला हरकत नाही, पण फाइली बदलायच्या नाहीत. त्यांच्या माणसाला कळवा. आणि दोन फाइली बदलूनही फरक पडला नसेल तर तिसरी उघडू नका. वहीत बघून पहिल्या दोन्ही होत्या तशा करा.

ज्याला बोलवाल त्याला पाच गोष्टी आधीच पाठवा : ‘जनरल स्टेटस’, ‘डिव्हाइस स्टेटस’ आणि ‘आयपी रूट’ यांचे फोटो, खोक्यावरच्या दिव्यांचा फोटो, आणि वहीचं शेवटचं पान.